पितळेतले न्यूट्रॉन आणि दहापटीचा हिशेब

2006 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एरिक हॉल यांनी किरणोपचारांच्या एका नियतकालिकात सातच पानांचा लेख लिहिला आणि प्रोटॉनवाल्यांच्या, म्हणजे कॅन्सरवर प्रोटॉन कणांचा झोत सोडून उपचार करणाऱ्यांच्या, घरात भांडण लावून दिलं. हॉल कुणी बाहेरचे टीकाकार नव्हते. कॅन्सरच्या रेडिएशनचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांच्या कित्येक तुकड्या त्यांच्याच पाठ्यपुस्तकावर वाढल्या होत्या. त्यामुळे त्यांचं म्हणणं कानाआड करण्याची सोय कुणालाच नव्हती. म्हणणं असं होतं: एक्स-रेऐवजी प्रोटॉन वापरले तर मुलांना उपचाराच्या किरणांमुळेच पुढे होऊ शकणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचा धोका कमी होईल खरा, पण यंत्र ‘स्कॅनिंग’ पद्धतीचं असेल तरच. बऱ्याच केंद्रांत तेव्हा ‘पॅसिव्ह’ पद्धत होती. तिच्यात यंत्राच्या तोंडाशीच न्यूट्रॉन तयार होतात आणि त्यांच्यामुळे पेशंटच्या अंगभर जाणारी मात्रा आधुनिक एक्स-रे उपचारापेक्षाही जास्त भरते. स्कॅनिंगमध्ये ती दहापट कमी.

हे प्रकरण त्या दहापटीचं आहे.

‘हवं तिथेच किरण, बाकी शरीर सुरक्षित’ अशी ज्या उपचाराची ख्याती, त्याच्यावर नेमका ‘बाकी शरीरा’चाच आरोप आला होता. आरोप खरा की खोटा, हा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आकडा कुठून आला, कशाच्या तुलनेत दहापट, आणि त्या मोजणीत पेशंट कुठे होता, हे पाहिलं की भटक्या किरणांचा सगळा विषयच उलगडतो.

शेक जिथे लावला तिथेच?

आपल्याकडे रेडिएशनला घरोघरी अजून ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाइट’ म्हणतं. ‘काकूंना पंचवीस शेक सांगितलेत.’ शब्द सोयीचा आहे, पण तो एक गैरसमज सोबत घेऊन येतो. गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवली तर खांद्याला त्याचा पत्ता नसतो. किरणांचं तसं नाही.

साध्या लिनॅकवर, म्हणजे एक्स-रे देणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर, भटकी किरणं तीन वाटांनी येतात. यंत्राच्या डोक्याभोवती शिसं आणि टंगस्टनचं जाड चिलखत असतं, त्यातूनही थोडी झिरपतात. किरणांच्या झोताला आकार देणाऱ्या धातूच्या जबड्यांवर आपटून थोडी विखुरतात. आणि उरलेली खुद्द पेशंटच्या शरीरात विखुरतात: छातीत सोडलेल्या किरणांपैकी काही तिथल्या अणूंना धडकून पोटाकडे, मानेकडे वळतात. पहिल्या दोन वाटा कारखान्यात किंवा उपचाराच्या खोलीत अडवता येतात. तिसरी अडवता येत नाही, कारण तिथे विखुरणारी वस्तू पेशंट स्वतःच असतो. उपचाराच्या कडेपासून थोड्या अंतरापर्यंत या तिसऱ्या वाटेचं राज्य असतं. हातभर लांब गेलं की झिरपणारी किरणं वरचढ होतात.

यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार झोताबाहेर झिरपणारी मात्रा मुख्य मात्रेच्या सरासरी 0.1 टक्क्याच्या आत असावी लागते, आणि कुठेही 0.2 टक्क्याच्या वर जाता कामा नये. ऐकायला नगण्य वाटतं. पण ट्यूमरला 60 ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात मुरणाऱ्या किरणांच्या ऊर्जेचं माप) द्यायचे असतील तर त्याचा 0.1 टक्का म्हणजे 60 मिलिग्रे. जमीन, हवा, अन्न, आकाश या सगळ्यांतून माणसाला वर्षाला जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. (सिव्हर्ट म्हणजे किरणांची घातकता धरून काढलेली मात्रा; एक्स-रेपुरती ती ग्रेएवढीच.) तेव्हा मर्यादेला टेकलेलं यंत्र त्या पाच-सहा आठवड्यांत निसर्गाच्या पंचवीस वर्षांएवढं देऊन जाईल. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रं मर्यादेच्या बरीच खाली चालतात, म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. सत्तर वर्षांच्या पेशंटसाठी तर हा हिशेब मांडण्याचंही फारसं कारण नाही. सात वर्षांच्या मुलासाठी आहे.

हॉल यांची चिंता 2006 मध्ये सुरू झालेली नव्हती. 2003 साली वू या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आयएमआरटीबद्दल इशारा दिला होता. आयएमआरटीत झोताचे लहान लहान तुकडे करून अनेक कोनांतून देतात. ट्यूमरच्या आकाराला मात्रा छान बिलगते, पण तेवढ्याच मात्रेसाठी यंत्र दोन-तीनपट जास्त वेळ चालू ठेवावं लागतं. यंत्र जेवढं चालू, तेवढं झिरपणं जास्त. शिवाय कोन वाढले म्हणजे थोडी थोडी मात्रा शरीराच्या जास्त भागाला. त्यांचा अंदाज होता की दहा वर्षं जगलेल्या पेशंटांत दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाण साधारण 1 टक्क्यावरून 1.75 टक्क्यांवर जाईल. 2006 च्या लेखात त्यांनी मुलांचा मुद्दा वेगळा काढला. मुलांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील. शरीर लहान, म्हणून डोक्याला दिलेल्या किरणांपासून थायरॉइड आणि छाती मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जवळ. आणि लहानपणीच्या अनेक कॅन्सरांत जन्मजात जनुकीय दोष असतो, त्यामुळे दुसऱ्या कॅन्सरची जमीन आधीच नांगरलेली. हे तीनही मुद्दे आजही कुणी खोडून काढलेले नाहीत.

मग उपाय काय, तर प्रोटॉन. आणि तिथेच ठिणगी पडली.

पितळ कुठून आलं

प्रोटॉन शरीरात शिरला की वेग कमी होत होत एका ठरावीक खोलीवर थांबतो, आणि थांबण्याच्या आधी बहुतेक ऊर्जा तिथेच टाकून देतो. त्याच्या पलीकडे जवळजवळ काही नाही. एक्स-रे मात्र आरपार जातो. मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या कॅन्सरमध्ये डोकं आणि पूर्ण पाठीचा कणा किरणांखाली घ्यावा लागतो. तिथे हा फरक डोळ्यांत भरतो. मूल पालथं असो वा उताणं, पाठीकडून सोडलेले एक्स-रे कण्यातून पुढे निघून हृदय, आतडी, थायरॉइड यांतून बाहेर पडतात. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेला थांबवता येतात. 2002 साली मिरालबेल आणि सहकाऱ्यांनी अशाच एका मुलाच्या उपचार-आराखड्यावर हिशेब मांडला: मेड्युलोब्लास्टोमात प्रोटॉनमुळे दुसऱ्या कॅन्सरची अपेक्षित संख्या 8 ते 15 पटींनी कमी होऊ शकते. या हिशेबात न्यूट्रॉन नव्हते. आराखडा करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसतच नाहीत.

आता न्यूट्रॉन आले कुठून? प्रवेगकातून निघणारी प्रोटॉनची धार काही मिलिमीटर जाड असते. ट्यूमर मुठीएवढा. धार पसरवायला हवी. जुनी, पॅसिव्ह रीत अशी की धारेच्या वाटेत धातूचे पातळ पत्रे ठेवून ती विखुरायची. खोली बदलत राहावी म्हणून पायऱ्या-पायऱ्यांचं एक चाक वाटेत गरगर फिरवायचं. आणि अशी रुंद झालेली धार शेवटी पितळेच्या जाड ठोकळ्यातल्या भोकातून पेशंटवर सोडायची. त्या भोकाचा आकार त्याच पेशंटच्या त्याच कोनातल्या ट्यूमरचा. म्हणजे दर पेशंटमागे, दर कोनामागे एक ठोकळा वर्कशॉपमध्ये कापून घ्यायचा. प्रोटॉन केंद्रात भौतिकशास्त्रज्ञांइतकंच मिलिंग मशिनवाल्यालाही महत्त्व होतं, ते यामुळे.

ट्यूमर लहान असेल तर रुंद केलेल्या धारेतले बरेचसे प्रोटॉन भोकातून जातच नाहीत, ते पितळेत थांबतात. थांबता थांबता तांबं आणि जस्ताच्या अणुकेंद्रांना धडकतात आणि त्यांतून न्यूट्रॉन उडवतात. काही वेगवान, धारेच्याच दिशेने पुढे जाणारे. काही संथ, चहूकडे पांगणारे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे पितळ त्याला अडवू शकत नाही. आणि ठोकळा पेशंटच्या अंगापासून काही सेंटिमीटरवर असतो, कारण धारेची कड तीक्ष्ण हवी तर तो जवळच ठेवावा लागतो. भटकी किरणं पेशंटपासून लांब तयार झाली असती तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला असता.

स्कॅनिंगमध्ये हा सगळा पसारा नसतो. बारीक धार चुंबकांनी वाकवून, ऊर्जा बदलत, ट्यूमर थराथराने रंगवत जायचा. स्वित्झर्लंडमधल्या व्हिलिगन इथल्या पॉल शेरर संस्थेत 1996 पासून याच पद्धतीने उपचार होत होते. पितळ नाही, म्हणून पितळेतले न्यूट्रॉन नाहीत.

आकड्याचं माहेर

हॉल यांनी पॅसिव्ह पद्धतीसाठी जे मापन आधाराला घेतलं, ते हार्वर्ड सायक्लोट्रॉन प्रयोगशाळेतलं होतं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या मापनात उपचाराच्या मात्रेच्या दर ग्रेमागे झोताबाहेर 1 ते 15 मिलिसिव्हर्ट न्यूट्रॉन-मात्रा मिळाली होती. या दोन टोकांकडे जरा थांबून पाहायला हवं. कण्याला 36 ग्रे द्यायचे असतील, तर एक टोक म्हणतं 36 मिलिसिव्हर्ट आणि दुसरं म्हणतं 540. एकाच यंत्रावर. अंतर, झोताचा आकार, ऊर्जा, पितळेवर पडणाऱ्या धारेचा हिस्सा, या सगळ्यावर उत्तर अवलंबून. अशा पसरट आकड्यांमधून ‘पॅसिव्ह म्हणजे इतके’ असं एक उत्तर काढायला गेलं की वाद ठरलेलाच.

हे यंत्रही सामान्य नव्हतं. 1949 साली भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बांधलेला हा 160 एमइव्हीचा (एमइव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र, 1961 पासून पेशंटांसाठी वापरला गेला आणि 2002 साली बंद होईपर्यंत 9,116 जणांवर त्याने उपचार केले. रुग्णालयाच्या इमारतीत बसवायला म्हणून कुणी बांधलेलं ते यंत्र नव्हतं. प्रयोगशाळेच्या भिंतींत जे बसलं ते बसवत, जोडत, सुधारत ती झोत-वाहिनी उभी राहिली होती.

त्याच प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेले बर्नार्ड गॉट्शाल्क यांनी हॉल यांना जाहीर उत्तर दिलं. त्यांचा आक्षेप साधा होता: हार्वर्डचा आकडा आजच्या पॅसिव्ह यंत्रांच्या तोंडी घालू नका. त्या झोत-वाहिनीची रचना वेगळी. इतर केंद्रांवरची मापनं त्याच्या बरीच खाली आहेत. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा केंद्रावरचं मापनही बाहेर आलं. 1990 पासून पेशंट घेणारं हे पहिलं रुग्णालयातलं प्रोटॉन केंद्र. तिथे प्रोस्टेटच्या उपचारात झोताच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर दर ग्रेमागे 3.9 आणि साठ सेंटिमीटरवर 0.18 मिलिसिव्हर्ट मिळाले. हार्वर्डच्या वरच्या टोकाशी तुलना केली तर फरक सहज दिसतो. ‘पॅसिव्ह’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी लावलेला. पण 15 आणि 0.18 यांच्यामध्ये शब्दाचं काही चालत नाही.

हे मोजणं स्वतःच एक दुखणं आहे, हे इथेच सांगून टाकतो. नेहमीचे न्यूट्रॉन-मापक अणुभट्ट्यांभोवतीच्या मंद न्यूट्रॉनसाठी घडवलेले असतात. प्रोटॉन केंद्रातले अतिवेगवान न्यूट्रॉन त्यांना नीट मोजता येत नाहीत. चष्म्याच्या काचांसाठी जे सीआर-39 प्लास्टिक वापरतात, त्याच्याच पट्ट्या इथे कामाला येतात: न्यूट्रॉनने उडवलेल्या कणांनी पाडलेले ओरखडे रसायनात उकरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. दोन केंद्रांनी दोन वेगळ्या उपकरणांनी मोजलं, की निम्मा फरक यंत्रातला आणि निम्मा मापकातला, हे वेगळं काढणं अवघड.

आणि मोजून झालं तरी मिलिग्रेचे मिलिसिव्हर्ट करताना न्यूट्रॉनला एका गुणकाने वजन द्यावं लागतं. किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या 2007 च्या शिफारशीत हा गुणक न्यूट्रॉनच्या ऊर्जेनुसार सुमारे अडीचपासून वीसच्या आसपास जातो. सगळ्यात जास्त वजन एक एमइव्हीच्या आसपास. ही वजनं कामगारांच्या संरक्षणासाठी, मुद्दाम सावध बाजूला झुकवून ठरवलेली आहेत. माणसात थोड्या न्यूट्रॉनने नेमका किती कॅन्सर होतो, याचा थेट पुरावा हाताशी नाही. किरणांच्या धोक्याचे आकडे ज्यांच्यावरून काढतात त्या हिरोशिमात वाचलेल्यांच्या मात्रेत गॅमा किरणांचाच भरणा होता. म्हणजे हॉल-गॉट्शाल्क वादात एक बाजू भौतिकशास्त्राच्या आकड्यावर भांडत होती आणि त्याच्यावर चढवलेला जीवशास्त्राचा गुणक त्याहून डळमळीत होता. मला हॉल यांची बाजू इथे थोडी समजून घ्यावीशी वाटते. गुणक माहीत नसताना वाईटात वाईट धरून चालणं, हे मुलांच्या बाबतीत काही चुकीचं नाही. चूक होते ती असा आकडा ‘मोजलेला’ म्हणून पुढे सरकवताना.

पेशंट हिशेबात आला तेव्हा

2009 साली वेन न्यूहाउझर आणि सहकाऱ्यांनी हा गुंता योग्य टोकाने धरला. (हार्वर्डच्या 2002 च्या मापनातही न्यूहाउझर होतेच, त्यामुळे पितळ त्यांना चांगलं परिचित होतं.) त्यांनी संगणकावर मानवी शरीराच्या एका प्रतिकृतीला डोकं आणि कण्याचा पूर्ण उपचार दिला. पॅसिव्ह प्रोटॉन, स्कॅनिंग प्रोटॉन, आयएमआरटी आणि जुना साधा एक्स-रे, असे चार प्रकार. न्यूट्रॉन वेगळे मोजले, आणि मग उपचाराची मात्रा व भटकी मात्रा एकत्र करून आयुष्यभराचा धोका काढला.

निव्वळ भटक्या किरणांमुळे होणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका: पॅसिव्ह 1.5 टक्के, स्कॅनिंग 0.8 टक्के.

दहापट नाही. दुपटीच्याही किंचित आत. कारण स्कॅनिंगने पितळेतले न्यूट्रॉन गेले, पण पेशंटच्या शरीरात तयार होणारे राहिले. प्रोटॉन कार्बन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आपटणार, न्यूट्रॉन सुटणारच. डोकं आणि कण्यासारख्या मोठ्या क्षेत्राच्या उपचारात हा घरचा वाटा मोठा असतो, कारण प्रोटॉनही खूप लागतात आणि झोत रुंद असल्यामुळे पितळेत वाया जाणारे तुलनेने कमी. लहान ट्यूमर असता तर दोन्ही पद्धतींतलं अंतर वाढलं असतं.

आता दुसरा आकडा, जो मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बोलका वाटतो. सगळी मात्रा धरली तर आयएमआरटीतला धोका स्कॅनिंग प्रोटॉनच्या 7 पट निघाला आणि साध्या एक्स-रेचा 12 पट. पॅसिव्ह प्रोटॉनच्या तुलनेत तेच आकडे 6 आणि 11. सात की सहा. बारा की अकरा. ज्या न्यूट्रॉनवरून इतका गदारोळ झाला, त्यांनी उत्तरात एवढाच फरक पाडला. बाकी सगळा फरक एक्स-रे कण्यातून पुढे हृदयापर्यंत जातात आणि प्रोटॉन जात नाहीत, यातून आलेला.

हॉल यांची दहापट खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती भटक्या मात्रेच्या एका तुकड्याची, झोताबाहेरच्या एका तुलनेची होती. वाचणाऱ्यांनी ती उचलून पेशंटच्या डोक्यावर ठेवली. एखाद्या घराचं गळत्या नळाचं बिल दहापट कमी झालं म्हणून घरखर्च दहापट कमी होत नाही.

अर्थात न्यूहाउझर यांचंही गणितच होतं, एका प्रतिकृतीवरचं. खरे पेशंट काय सांगतात?

2013 साली बोस्टनच्या संशोधकांनी, नेमक्या त्याच हार्वर्ड सायक्लोट्रॉनवर 1973 ते 2001 दरम्यान उपचार घेतलेल्या 558 पेशंटांची नोंद काढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीतून वय, लिंग, कॅन्सरचा प्रकार जुळवून एक्स-रे उपचार घेतलेले तितकेच पेशंट शोधले. प्रोटॉनवाल्यांत दुसरा कॅन्सर 29 जणांना, म्हणजे 5.2 टक्के. एक्स-रेवाल्यांत 42 जणांना, 7.5 टक्के. ज्या यंत्राच्या न्यूट्रॉनवरून वाद पेटला, त्याच यंत्राचे पेशंट कमी आजारी निघाले. प्रोटॉन केंद्रांनी हा निकाल लगेच मिरवला, आणि इथे माझा हात थोडा आखडतो. पेशंटांचं मध्यक वय 59 होतं, पाठपुरावा मध्यक 6.7 वर्षं. किरणांमुळे होणारे घन ट्यूमर दिसायला बहुधा दशकभर किंवा त्याहून जास्त लागतं. तेव्हा या अवधीत दिसलेला फरक किरणांचा कमी आणि दोन गटांत मुळातच असलेल्या फरकाचा जास्त असण्याची शक्यता मोठी आहे. हा अभ्यास ‘प्रोटॉनने कॅन्सर टळतो’ हे सिद्ध करत नाही. न्यूट्रॉनमुळे कॅन्सरची लाट आलेली मात्र त्यात दिसत नाही, एवढं म्हणता येतं.

2020 साली अमेरिकेतल्याच 4,50,373 पेशंटांचा मोठा अभ्यास आला. मध्यक पाठपुरावा 5.1 वर्षं. आयएमआरटी आणि त्याआधीच्या त्रिमितीय पद्धतीत दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास सारखंच. म्हणजे 2003 च्या अंदाजातली जवळजवळ दुप्पट वाढ या नोंदींत अजून उमटलेली नाही. इथेही पाच वर्षं म्हणजे काहीच नव्हे. मधल्या काळात यंत्रंही बदलली: पेशंटभोवती कमानीत फिरत किरण देणाऱ्या नव्या पद्धतीत यंत्र चालू राहण्याचा काळ घटला, यंत्राच्या डोक्यातली झोत सपाट करणारी चकती काढलेली यंत्रं आली, त्यांतून विखुरणं घटलं, आणि 18 एमव्हीऐवजी 6 एमव्ही (एमव्ही हे लिनॅकच्या एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) वापरण्याचा कल वाढला. दहा एमव्हीच्या वरच्या ऊर्जेला लिनॅकसुद्धा न्यूट्रॉन तयार करतो, हे बऱ्याच पेशंटांना ठाऊक नसतं. हॉल यांचा अंदाज खोटा ठरला की त्यांच्या इशाऱ्याने सगळे शहाणे झाले, हे आता वेगळं करता येणार नाही.

कड

वादात सगळ्यांचं लक्ष लांबच्या भटक्या किरणांकडे होतं, आणि एक गोष्ट बाजूला राहून गेली. 2009 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी बालपणी रेडिएशन घेतलेल्या आणि पुढे दुसरा ट्यूमर झालेल्या 115 जणांचे जुने आराखडे पुन्हा मांडले. दुसरा ट्यूमर कुठे उगवला? झोताच्या मध्यभागी 12 टक्के. झोतापासून पाच सेंटिमीटरहून लांब 22 टक्के. उरलेले 66 टक्के कडेच्या पट्ट्यात.

कड तीक्ष्ण करायला काय लागतं? पितळ.

हा खरा पेच आहे. मेंदूतल्या उथळ, छोट्या ट्यूमरसाठी स्कॅनिंगची बारीक धारसुद्धा तितकी बारीक राहत नाही. कमी ऊर्जेचे प्रोटॉन हवेत आणि खोली कमी करायला वाटेत ठेवलेल्या प्लास्टिकच्या पाटीत पसरतात, कड धुरकट होते. पितळेच्या भोकातून कापलेल्या धारेची कड तिच्यापेक्षा स्वच्छ असते. पितळ काढा, लांबच्या अवयवांना न्यूट्रॉन कमी. पण जिथे दोन-तृतीयांश ट्यूमर उगवतात त्या कडेच्या पट्ट्याला प्रोटॉन जास्त. पितळ ठेवा, उलट. दोन्हींतलं एक निवडताना उपचार-आराखड्याच्या संगणकावर विसंबता येत नाही. झोताबाहेर दूरच्या मात्रा असे संगणक कमी दाखवतात. एका प्रचलित लिनॅक प्रणालीत ही तूट सरासरी सुमारे 40 टक्के आढळली होती. पडद्यावरचे रंग जिथे संपतात, तिथे मात्रा संपलेली नसते. 2017 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने या झोताबाहेरच्या मात्रांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती याचसाठी: आराखड्यावर जाऊ नका, मोजा.

आपल्याकडे प्रोटॉन आले ते हा वाद बराचसा निवल्यावर. चेन्नईत 2019 साली आणि नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक परिसरात, 2023 साली. दोन्हीकडे यंत्रं स्कॅनिंगची. खारघरला तीन फिरत्या गॅन्ट्री, म्हणजे पेशंटभोवती धार फिरवणारे सांगाडे, आहेत. तिथे मुलाला घेऊन आलेल्या आईवडिलांनी इंटरनेटवर ‘प्रोटॉनमुळे न्यूट्रॉन’ असं काही वाचलं असेल, तर त्यातला बराचसा भाग बोस्टनजवळच्या हार्वर्डच्या एका बंद पडलेल्या यंत्राचा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. त्यांनी विचारायचाच असेल तर प्रश्न वेगळा विचारावा: माझ्या मुलाच्या थायरॉइडला, मुलगी असेल तर स्तनांच्या जागेला, मुलगा असेल तर वृषणांना या आराखड्यात किती जाणार आहे, आणि तो आकडा संगणकाचा आहे की मोजलेला? उत्तर ताबडतोब मिळेल असं नाही. पण प्रश्न योग्य दाराशी गेलेला असेल.

एक गंमत राहिली. जगभरची स्कॅनिंग केंद्रं गेल्या काही वर्षांत मेंदूच्या छोट्या ट्यूमरसाठी धारेच्या तोंडाशी पुन्हा धातूची कड लावू लागली आहेत: कुठे पेशंटगणिक कापलेला ठोकळा, कुठे थरागणिक सरकणाऱ्या पट्ट्या. आता धार आधीच बारीक असल्यामुळे धातूवर आपटणारे प्रोटॉन अगदी थोडे, फक्त काठावरचे. म्हणून न्यूट्रॉनही थोडे. किती थोडे, ते हार्वर्डच्या आकड्यावरून सांगता येत नाही आणि व्हिलिगनच्याही नाही. खोली रिकामी झाल्यावर, रात्री, कुणीतरी पाण्याच्या टाकीशेजारी सीआर-39 च्या पट्ट्या चिकटवून त्या यंत्रावर पुन्हा मोजत बसलेलं असतं.